निळ्या डांगरीतला बाप्या

प्रिय वन्सं,

आज सकाळी मी नांगर धरला. तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून जेवणं आटोपून, नखांतला चिखल पुन्हा एकदा धुऊन लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. म्हणून काय झालं? तुमच्या भावाची मस्कतहून आलेली पत्रं मीच वाचून दाखवायची ना तुम्हाला? हेही तसंच समजा. फक्त नेहमीसारखं मध्ये मध्ये तोडू नका.

होय, मीच धरला. लुगडं खोचून, चांगलं उजाडल्यावर, सगळ्या वाडीच्या देखत. हसा, पोटभर हसा!

तुमचे बंधुराज वैशाखात रजेवर आलेत. माघात तुम्ही गेलात तेव्हा त्यांना तार पोचली होती, पण रजा मिळाली नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते म्हणे, आणि खोलीतल्या मल्याळी सोबत्याने दोन दिवस त्यांच्यासाठी पेज केली. हे त्यांनी मला सांगितलं असेल असं वाटतं तुम्हाला? हसनभाईंनी सांगितलं. राजापूरचे हसनभाई, तिकडे त्यांच्याबरोबरच काम करतात ते. तुमचा भाऊ अजून तसाच आहे. मनातलं काही घरात बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं.

ते पहिल्यांदा गेले तो दिवस आठवतो? ऐंशी सालचा शिमगा झाला, पालखी देवळात परत बसली आणि हे पत्र्याची ट्रंक घेऊन निघाले. चिऱ्याच्या भिंती बांधणारा माणूस, त्याला अरबांच्या देशात सिमेंटच्या माड्या बांधायला बोलावलं होतं. गावाच्या लेखी समुद्रापलीकडची सगळी दुबईच. तुम्ही मात्र एकेकाला थांबवून सांगायचात की आमचा सदा दुबईला नाही, मस्कतला असतो. जसं काही दोन्ही ठिकाणं बघून आला होतात!

दोन वर्षांनी पहिल्या रजेवर आले तेव्हा घरात काय काय आलं. टेपरेकॉर्डर, सेंटच्या बाटल्या, बॅटऱ्या, आणि तुम्हाला-मला एकसारख्या नायलॉनच्या साड्या. ती साडी नेसलात कधी तुम्ही? एकदाच, गणपतीच्या आरतीला, तीही मी भांडले म्हणून. अंगावर काही आहे की नाही तेच कळत नाही म्हणालात आणि आरती संपायच्या आत जाऊन लुगडं नेसून आलात. ती साडी अजून ट्रंकेत घडी करून आहे. मी कुणाला दिली नाही.

त्याच रजेत एका दुपारी जेवताना त्यांनी मळ्याचा विषय काढला. व्हाळाच्या पाण्याकाठचा आपला एकुलता एक भाताचा मळा. इतकी वर्षं त्यात शेजारचे जानू आजा नांगर धरायचे. त्या साली बांधावरून घसरून त्यांनी पाय मोडून घेतला होता, आणि दुसरा गडी आणायचा कुठून? ज्याला दोन हात होते तो मुंबईला, ज्याला दोन हात आणि पासपोर्ट होता तो आखातात, उरलेसुरले लोट्याच्या कंपनीत पाळीवर. म्हणून तुमचा भाऊ म्हणाला, यंदापासून मळा पडीक राहू दे. मी पैसे पाठवतो, लांज्याच्या बाजारातून तांदूळ आणा. आक्काने आयुष्यभर राबून झालं, आता तिने बसून खावं.

चांगल्या मनानेच म्हणाला हो तो. आणि मला तर हायसं वाटलं. गुडघाभर चिखलात पावसाळा काढायचा नाही म्हटल्यावर कुणाला वाईट वाटेल? तुम्ही त्याच्या पानात आणखी आमटी वाढलीत आणि उठलात.

भाऊ परत गेल्यावर एक दिवस आपण दोघी मागच्या पडवीत ओल्या काजूचे गर काढत बसलो होतो. तेव्हा माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात,

“सुमन, मला सासरहून परत आणली तेव्हा आबांनी तो मळा दाखवला. म्हणाले, हा तुझ्या पोटाला. त्या दिवसापासून मी या घरात माझ्या हातचं खाते. उद्या तांदूळ लांज्याहून यायला लागला, की मी इथं पाव्हणी.”

तुमच्या नवऱ्याने दुसरी केली आणि तुम्हाला माहेरी पाठवलं, एवढं मी लग्न होऊन आले तेव्हाच ऐकलं होतं. पण मळ्याची ही बाजू मला कुणी सांगितली नव्हती. कागदावर मळा आबांचा, त्यांच्यामागे तुमच्या भावाचा. तुमच्याकडे होता तो आबांचा एक शब्द आणि दर पावसाळ्यात चिखलात घातलेले पाय. ते पाय चिखलात गेले नाहीत तर शब्दाला कोण विचारतो? भाऊ तुम्हाला आराम देत होता आणि तुमच्या पायाखालची जमीन काढून घेत होता. त्याला ते कळलं नव्हतं. मलासुद्धा तेव्हाच कळलं.

पण नांगराचं काय करणार होतो? आपल्या गावात बाईने नांगराला हात लावायचा नाही. लावला की पाऊस जातो. भाताच्या रोपांचा तरवा पेरावा बाईने, काढावा बाईने, लावावा, बेणावा, कापावा, झोडावा बाईने. नांगर तेवढा बाप्याचा! लहानपणी माझ्या माहेरी एका मुलीने गमतीत रुमण्याला, नांगराच्या मुठीला, हात लावला, तर तिला तिच्या चुलत्याने बडवून काढली होती. मी त्या धाकात वाढलेली. तुम्हीही त्याच धाकात वाढलात, मग तुम्हाला हे सुचलं कसं?

डांगरी! कंपनीची ती निळी डांगरी, सदरा आणि विजार एकत्र शिवलेली, पाठीवर पांढऱ्या अरबी अक्षरांत कंपनीचं नाव. तुमचा भाऊ ती खुंटीवर विसरून गेला होता आणि मी तिची पुसणी करायच्या बेतात होते. आषाढातली सकाळ, बाहेर झिमझिम, धुकं. मी चुलीपुढून वर बघते तर दारात तुमचा भाऊ उभा! माझ्या हातातली फुंकणी पडली. मग डोक्याचा टॉवेल मागे सरकला आणि खाली तुमचं नाक दिसलं. मी म्हटलं, अहो वन्सं, हे काय सोंग? तर तुम्ही शांतपणे विजारीचे पाय दुमडत म्हणालात की गावाला नांगरामागे बाप्या दिसायला हवा, तर दिसू दे. आणि बैल सोडून निघालात.

मला वाटलं होतं बैल तुम्हाला फरफटत नेतील. कसलं काय! वर्षानुवर्षं जानू आजांच्या मागे तरव्याच्या मुठी घेऊन चालताना तुम्ही त्यांचा हात बघत होतात. मोऱ्या आणि बाळ्या तर तुमच्या हातचं खाऊन वाढलेले. तुमच्या शिव्या त्यांना आईच्या हाकेसारख्या.

तानी काकीने व्हाळापलीकडून बघितलं. तिला तोंड दिसलं नाही, पाठीवरची अरबी अक्षरं दिसली. झालं! दुपारपर्यंत गावभर झालं की सदा आला. एकेक जण अंगणात हजर. कुणाच्या पोराने तिकडून घड्याळ पाठवलंय का, कुणाच्या जावयाच्या व्हिसाचं काय झालं, कुणाला नुसतंच सेंट हुंगायचं होतं. मी म्हणते ते आलेले नाहीत, तर लोक आवाज आणखी खाली आणून समजूत घालायला लागले. कारण एजंटाने फसवलेले, महिन्या-दोन महिन्यांत हात हलवत परत आलेले आणि लाजेने माळ्यावर दडून बसलेले गावाने बघितले होते. नोकरी सुटली असेल, होतं असं, त्याला म्हणावं खाली ये, आम्ही काही परके नाही, असं तानी काकी माळ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली. तुम्ही विळीवर फणसाच्या आठिळ्या चिरत होतात. पदर तोंडात धरून हसत होतात, मला दिसत होतं.

मीही हसले, वन्सं. पुढचे चार दिवस आपण दोघी नुसत्या हसत होतो. मग पोस्टमन आला.

अंगणात माणसं होतीच. त्याने ओटीवरूनच ओरडून सांगितलं की मस्कतहून सदाचं पत्र आलंय, आणि वरचं अरबी तिकीट पोराला देणार का म्हणून विचारलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पत्र मस्कतहून आलंय म्हणजे सदा मस्कतला आहे. मग सदाच्या कपड्यात, सदाच्या मळ्यात, सदाच्या बैलांमागे रोज पहाटे दिसतो तो कोण?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले तर बायका बोलता बोलता थांबल्या. कुणी माझी कळशी उचलून दिली नाही. गावाला काय वाटतंय ते तेव्हा मला कळलं. नवरा परदेशी असलेल्या बाईला काय सांभाळावं लागतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गावातला जो कुणी पुढे आखाताला निघेल तो लोणच्याच्या बरणीबरोबर ही बातमीही नेणार होता. आणि तुमचा भाऊ तिकडे एकटा, विचारायला कुणी नाही, बघायला येता येत नाही. मी घरी येऊन तुमच्यावर ओरडले. म्हटलं, जाळून टाका ती डांगरी, मळा गेला खड्ड्यात, माझा संसार मोडेल. तुम्ही ऐकून घेतलंत. मग विचारलंत, गावकी कधी बसणार आहे?

गावकी दुसऱ्याच दिवशी बसली. देवळात पुढे मूठभर म्हातारे, कारण गावात बाप्ये तेवढेच उरले होते, आणि मागे खांबांपाशी आपण सगळ्या बायका. गावचे मानकरी बाबू गावकर, त्यांनी नाव न घेता सुरुवात केली. काही घरांत परक्या माणसाचा वावर आहे, बाहेर राबणाऱ्या पोरांच्या अब्रूचा प्रश्न आहे, वगैरे. मी खाली मान घालून बसले होते. आणि गावकीत बाईने बोलायचं नसतं तिथं तुम्ही उठून उभ्या राहिलात.

“बाबूदा, नाव घेऊन विचार. आमच्या मळ्यात निळ्या कपड्यात नांगरतो तो बाप्या कोण, हेच ना? तो मी.”

कुणाला खरंच वाटेना. मग कोपऱ्यात पाय लांब करून बसलेले जानू आजा म्हणाले,

“तरीच! सदाला नांगराचं एवढं सरळ तास कधी जमलं नव्हतं.”

आधी बायका हसल्या, मग म्हातारे. बाबू गावकर मात्र तोंड आवळून बसले. बाईने नांगर धरला म्हणजे पाऊस जाणार म्हणाले. तुम्ही त्यांना नुसतं बाहेर बघा म्हणालात. आठवडाभर तुम्ही नांगरत होतात आणि आठवडाभर तो उसंत न घेता कोसळत होता. देवळाच्या पायरीवर चपला वाहून चालल्या होत्या. शेवटी त्यांनी देवाला एक नारळ ठेवायला सांगितला, चुकी माफ करण्याचं गाऱ्हाणं घालतो म्हणाले. तुम्ही लगेच मला घरी पिटाळून दोन नारळ आणवलेत आणि त्यांच्यापुढे ठेवलेत.

“एक झालेल्याचा. एक राहिलेल्याचा. अर्धा मळा अजून व्हायचाय.”

वन्सं, तुमचं नाव तुम्ही पणाला लावलंत ते माझं राखायला. त्या दिवशी घरी आल्यावर मी तुमच्या गळ्यात पडून रडले, तर तुम्ही चुलीवर दूध उतू जातंय म्हणून मला बाजूला सारलंत. दूध नव्हतंच चुलीवर. मी तेव्हाच बघितलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागल्या दारी कोण? गावकरांची बायको! इकडेतिकडे बघत आत आली आणि तुम्हाला म्हणाली, चंद्री, आमच्याही मळ्यात जोत फिरव गो, पोरं काही मुंबईहून येत नाहीत आणि ह्यांच्याने आता होत नाही. ह्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी विचारलं नाही असं समज.

पुढे तुमच्याकडून किती जणी शिकल्या! गावकरांची सून शिकली, बौद्धवाडीतली शांता शिकली, तिचा नवरा कुवेतला. आता आमच्याकडे नांगरामागे लुगडं दिसलं तर कुणी मान वळवत नाही. सगळंच काही वाचलं नाही म्हणा. वरच्या वाडीचे मळे पडीक आहेत, बांधावरची रानं खाली उतरलीत, आणि त्यांच्या नव्या स्लॅबच्या घरांत लांज्याचा तांदूळ शिजतो. मी त्यांना नावं ठेवत नाही. आपल्याही घरात मस्कतच्या पैशाने दिवे आले, पोरीची रत्नागिरीच्या शाळेत सोय झाली. चांगलंच झालं की ते! पैसा आला म्हणून मी रडायला बसणार नाही.

आणि तुमच्या भावाला हे सगळं हसनभाईंकडून कळलं तेव्हा त्याने काय लिहिलं होतं आठवतं? काहीच नाही! पुढच्या पार्सलमध्ये नवी डांगरी पाठवली, एक माप लहान. तुम्ही ती अंगाला लावून बघितलीत आणि दिवसभर उगीचच गुणगुणत होतात.

पण माझा एक राग आहे, आज सांगूनच टाकते. सगळ्यांना शिकवलंत, मला का नाही? मी दर वर्षी मागे लागायची, तुम्ही दर वर्षी हात झटकायचात. एका घरात एकीला बोल लागले तेवढे पुरे, असं म्हणायचात. कसले बोल हो वन्सं? तुम्हाला कुणी बोल लावला? तुमच्या तेराव्याला गावकर स्वतः वाढायला उभे होते. अख्ख्या गावाच्या बायका आल्या होत्या. तुम्ही शेवटपर्यंत तो बोल एकट्याने डोक्यावर घेऊन हिंडलात, आणि तो कधीचाच उतरला होता. हे तुम्हाला जिवंतपणी ठणकावून सांगायचं राहिलं.

तर आज. तरवा तयार झाला होता. तुमचे बंधुराज म्हणाले, मी घालतो नांगर, त्यात काय आहे. इतकी वर्षं अरबस्तानात काढलेला माणूस! रुमणं धरलं आणि बैलांना म्हणतो कसा, “चलो, चलो, जल्दी.” तिकडे सगळ्यांशी हिंदीच बोलावं लागतं ना. मोऱ्याने मागे वळून बघितलं आणि शेपटी उडवून तिथेच उभा राहिला. मी बांधावर बसून इतकी हसले की ठसका लागला. त्यांनी पुन्हा हाकलं, बैल बांधावर चढले. तिसऱ्यांदा हे स्वतःच चिखलात बसले.

मग हसणं संपलं. चिखल निपटत ते म्हणाले,

“जाऊ दे सुमन. आबांचा मळा आक्कासाठी करत होतो. आता आक्का नाही. कुणासाठी करायचा? टाकूया पडीक.”

मी उठले, लुगडं खोचलं, मळ्यात उतरले आणि त्यांच्या हातातून रुमणं घेतलं. तुमच्या दोन शिव्या बैलांना घातल्या, मोठ्याने, तुमच्याच हेलात. बैल चालायला लागले! तास वाकडं गेलं, फाळ कधी खोल तर कधी वरच्यावर, हातांना फोड आले. तुमचा भाऊ मुकाट्याने पुढे झाला आणि बैलांचा कासरा धरून चालायला लागला. गावकर वाटेने जात होते, थांबले. थोडा वेळ बघितलं, उजवीकडे जोर कमी पडतोय एवढंच म्हणाले आणि गेले. दुपारपर्यंत आमचा मळ्याचा एक कोपरा झाला.

घरी आलो तर ओटीवर हसनभाई बसलेले. तेही रजेवर आहेत, भेटायला आले होते. आमचे अवतार बघून त्यांनी विचारलं, नवराबायको कुठे लोळून आलात? मी चहा टाकायला आत चालले होते. मागून तुमच्या भावाचा आवाज ऐकू आला, पाय धुता धुता.

“कुठे नाय. चंद्राक्काच्या मळ्यात होतो.”

मी दारातच थांबले. वन्सं, सकाळपर्यंत तो आबांचा मळा होता हो! लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच्या तोंडून दुसरं काही ऐकलेलं नाही. आपण काय बोललो हे त्याला कळलंही नाही, तो पुढे व्हिसाच्या गोष्टी बोलायला लागला. मी आत गेले, चुलीपुढे बसले आणि थोडा वेळ चहाच टाकला नाही.

लावणी झाली की ते परत मस्कतला जातील, अजून दोन-तीन वर्षांसाठी. जाऊ देत. वचन देते तुम्हाला: माझे हात चालतात तोवर या घरात तांदूळ लागेल तो चंद्राक्काच्या मळ्यातलाच. पोरगी सुट्टीत आली की तिलाही रुमणं धरायला शिकवीन, तिने नको म्हटलं तरी. आणि कुणी विचारलं मळा कुणाचा, तर ती तुमचं नाव सांगेल.

तुमची भावजय,
सुमन